मोडका ट्रॅक्टर : दुरुस्ती कीं विक्री ?

पैनगंगेच्या उत्तरेस, उमरखेड तालुक्यांत, ढाणकी हें बाजारपेठेचें गांव आहे. कापूस, सोयाबीन, हरभरा, आणि जेथें पाणी पोंचलें आहे तेथें ऊंस व हळद, अशी येथली शेती. ह्या टापूंतील ज्या शेतकऱ्याच्या अंगणांत पंधरा-अठरा वर्षांचा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातचा ट्रॅक्टर बंद पडून उभा असतो, त्याच्यापुढें एकच प्रश्न असतो : त्यावर पैसा घालून तो चालता करावा, कीं आहे त्या स्थितींत विकून मोकळें व्हावें ? प्रश्न वरकरणी त्रैराशिकाचा दिसतो. दुरुस्तीचा खर्च एकीकडे मांडावा, विक्रीची किंमत दुसरीकडे मांडावी, आणि जें जड होईल तें करावें. परंतु ट्रॅक्टर ह्या वस्तूचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे असें दिसतें कीं, यंत्राच्या अंगीं किती दम उरला आहे ह्यावर हा निवाडा क्वचितच झाला. सुटा भाग किती कोसांवर मिळतो, तो बसविणारा हात कोठें आहे, आणि यंत्रावर पहिला हक्क मालकाचा आहे कीं सावकाराचा, ह्या तीन गोष्टींनींच बहुतेक वेळां तो ठरविला. मालकाला मात्र आपणच निर्णय घेतला असें वाटत राहिलें.

ट्रॅक्टर येण्यापूर्वीं हा प्रश्न वऱ्हाडांत नव्हता असें नाहीं. त्याचें रूप निराळें होतें. येथली काळी जमीन दरसाल नांगरण्याची चाल नव्हती. उन्हाळ्यांत वखराच्या पाळ्या द्याव्या, मृग बरसला कीं तिफणीनें पेरावें, पीक वर आलें म्हणजे डवरा फिरवावा, हा येथला परिपाठ. नांगर निघे तो कुंदा, हरळी किंवा काँस वावरांत माजला म्हणजे ; आणि मग त्या जड लांकडी नांगरास बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. ह्या अवजारांत लोखंड तें किती ? वखराची पास, डवऱ्याची पास, नांगराचा फाळ. बाकी सारें बाभळीचें लांकूड. तें मोडलें तर गांवचा सुतार किंवा खाती तें नीट करी, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें त्यास मिळे. दुरुस्ती ही तेव्हां निराळे पैसे मोजून विकत घेण्याची वस्तु नव्हती. वर्षाच्या बलुत्यांत ती आगाऊच बसलेली असे. त्यामुळें दुरुस्त करावें कीं विकावें हा विचार अवजाराबाबत कोणाच्या मनांत येतच नसे. मोडका वखर विकत घेणार कोण ?

बैलाची गोष्ट मात्र वेगळी. बैल विकला जाई, आणि तो कोणत्या वयांत विकावा ह्याचें एक पक्कें शास्त्र होतें. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला, अशा दांतांच्या पायऱ्यांवरून त्याचें वय कोणासहि कळे. घेणारा त्याला जुंपून, चार पावलें ओढ देऊन पाही. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यांत, लोहा तालुक्यांतील मालेगांवास, मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. तेथील जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा बाजारांतून सौदा रुमालाखालीं बोटें दाबून होई, म्हणजे भाव दोघांतच राही. पण माल चारचौघांच्या डोळ्यांपुढें उभा असे. बैलाचें म्हातारपण लपवितां येत नाहीं. बंद पडलेल्या इंजिनाचें लपवितां येतें. किंबहुना मालकालाहि तें पुष्कळदां ठाऊक नसतें.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ ह्यांनीं १९७० सालीं वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि त्यांतील विचाराबद्दल त्यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्या निबंधाचा आशय मालेगांवच्या कोणत्याहि व्यापाऱ्यास सहज पटेल. विकणाऱ्यास वस्तूचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक वस्तु सदोषच आहे असें धरून भाव करतो, आणि मग चांगल्या वस्तूचा मालक बाजारांत येण्याचेंच सोडून देतो. बंद ट्रॅक्टरच्या बाबतींत हें अधिकच खरें. नुसता डिझेल-पंप बिघडलेला ट्रॅक्टर आणि क्रँक मोडलेला ट्रॅक्टर, दोन्ही सारखेच मुके उभे असतात. दलाल दोघांनाहि क्रँक मोडलेल्याच्याच भावानें मागतो. ढाणकीच्या शेतकऱ्याचें पहिलें नुकसान येथें होतें, आणि तें यंत्रांतील दोषाचें नसून त्याविषयींच्या अज्ञानाचें असतें.

जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९५ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें मंजूर केलेला आणि २०१५ च्या मार्चमध्यें अमलांत आलेला जो कायदा, त्यानें गाईबरोबर बैलाच्याहि कत्तलीस बंदी केली. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथें करावयाची नाहीं. परंतु थकलेल्या बैलास बाजारांत जी शेवटची किंमत येत असे ती त्यामुळें आटली, हें हिशेबाच्या दृष्टीनें खरें आहे. ट्रॅक्टरची ती शेवटची किंमत कायम आहे. अठरा-वीस क्विंटल लोखंड कितीहि गंजलें तरी भंगारवाला तें तोलून नेतो. वर्ध्याच्या मगनवाडींत बसून ग्रामोद्योगांचा पुरस्कार करणारे कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी ट्रॅक्टर शेण देत नाहीं असा आक्षेप घेत असत, आणि तो खराच होता. मरणोत्तर किंमतीच्या बाबतींत मात्र यंत्रानें आतां बैलावर मात केली आहे.

अवजाराचा एक तुकडा गांवाबाहेर गेला तो लोखंडी नांगराबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं नांगर काढले तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढें हा नांगर महाराष्ट्रभर गेला. ही कथा सांगणारे लोकांची समजूत कशी पालटली एवढेंच सांगतात. मला तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ओतीव लोखंडाचा भाग तुटला तर तो खात्याच्या भात्यावर घडवितां येत नाहीं. कारखान्यांतूनच यावा लागतो. खळ्यावरच्या बलुत्यांत न बसणारी अशी ही पहिली दुरुस्ती.

ट्रॅक्टरमध्यें असे भाग शेंकड्यांनीं असतात, आणि ते वेळेवर मिळणें हाच शेतकऱ्याचा खरा प्रश्न आहे हें ज्यांनीं प्रथम ओळखलें त्यांत अमेरिकेंतील नेब्रास्का राज्याचा एक शेतकरी होता. त्याचें नांव विल्मट क्रोझियर. मिनिॲपोलिस शहरांतील कांहीं मंडळींनीं फोर्ड आडनांवाचा एक इसम हाताशीं धरून 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' काढली होती. हेन्री फोर्डचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता ; त्यानें पुढें १९१७ सालीं स्वतःचा ट्रॅक्टर काढला तेव्हां हें नांव आधींच गेलें असल्यामुळें त्याला 'फोर्डसन' म्हणावें लागलें. क्रोझियरनें मिनिॲपोलिसचा ट्रॅक्टर घेतला, आणि फसला. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोहि तसाच. तिसरा बरा निघाला. पुढें हा गृहस्थ राज्याच्या विधिमंडळांत निवडून गेला, आणि १९१९ सालीं त्याच्या खटपटीनें ट्रॅक्टरच्या परीक्षेचा कायदा झाला. परीक्षा झाल्यावांचून कोणताहि नमुना राज्यांत विकावयाचा नाहीं, हें त्या कायद्याचें एक कलम पुष्कळांस ठाऊक असतें. दुसरें तितकेंसें ठाऊक नसतें : विकणाऱ्या कंपनीनें सुट्या भागांचा पुरेसा साठा राज्याच्या हद्दींत ठेवला पाहिजे. दोनदां फसलेल्या माणसाला पहिल्या कलमाइतकेंच दुसरेंहि आवश्यक वाटलें ह्यांत नवल नाहीं. जो ट्रॅक्टर नीट करतां येत नाहीं तो परीक्षेंत कितीहि गुण मिळवो, पेरणीच्या आठवड्यांत तो अंगणांतला दगडच होय.

आपल्याकडे नर्मदाकांठीं बुदनी येथें १९५५ सालीं ट्रॅक्टरविषयक शिक्षणाची व परीक्षेची संस्था निघाली. ओढ किती, डिझेल किती, उचल किती, हें ती काळजीपूर्वक मोजते. परंतु अमक्या ट्रॅक्टरची क्लच-प्लेट उमरखेडला मिळेल कीं तिच्यासाठीं नांदेड गांठावें लागेल, हें तिच्या अहवालावरून कळत नाहीं.

बुदनीच्या आधीं ह्याच प्रांतांत एक मोठा प्रयोग झाला, आणि वापरलेल्या यंत्रांच्या इतिहासांत तो विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत यवतमाळ जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतांत मोडत होता. त्याला आधीं मध्यप्रांत-वऱ्हाड म्हणत, १९५० पासून मध्यप्रदेश म्हणूं लागले. ह्या प्रांताच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत, आणि भोपाळ व मध्यभारत ह्या शेजारच्या मुलखांत, काँस नांवाच्या गवतानें लक्षावधि एकर जमीन गिळली होती. बैलांच्या नांगरानें वरचा थर तेवढा उलथतो. खालची मुळी जिवंत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. जमीन खोल उकरून ती मुळी वैशाखाच्या उन्हांत वाळविली तरच तें गवत मरतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेले ट्रॅक्टर हिंदुस्थान सरकारनें घेतले, आणि त्यांवर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. म्हणजे ह्या देशांत सरकारनें शेतीसाठीं मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलेले ट्रॅक्टर हे जुन्या बाजारांतलेच होते. ते स्वस्त पडले. परंतु युद्धाच्या कामासाठीं आणलेलीं, झिजलेलीं, समुद्रापलीकडच्या कारखान्यांचीं तीं यंत्रें. त्यांचा प्रत्येक भाग परदेशांतून यावयाचा, त्यास डॉलर लागावयाचे, आणि डॉलरची तर टंचाई.

सरकारपुढें तेव्हां जो प्रश्न उभा राहिला तो ढाणकीच्या शेतकऱ्यापुढील प्रश्नाहून निराळा नव्हता. फक्त अंगण मोठें होतें. हीं जुनीं यंत्रें भाग आणून आणून चालवावीं, कीं सोडून द्यावीं व नवीं घ्यावीं ? १९४९ च्या सप्टेंबरांत जागतिक बँकेनें हिंदुस्थानास शेतीच्या यंत्रांसाठीं एक कोट डॉलरचें कर्ज मंजूर केलें. त्या बँकेकडून ह्या देशास मिळालेलें हें दुसरेंच कर्ज. पहिलें महिनाभर आधीं रेल्वेसाठीं मिळालें होतें. ह्या पैशांतून काँस नांगरण्याजोगे नवे, जड, पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर घ्यावयाचे होते. नव्या यंत्रांनीं जमीन मोकळी झाली हें खरें. परंतु निवाडा कसा झाला हें पाहण्यासारखें आहे. दुरुस्तीसाठीं थोडेथोडे डॉलर वर्षानुवर्षें उभे करणें कठीण होतें. नव्या यंत्रांसाठीं एकदम मोठें कर्ज मिळणें त्या मानानें सोपें होतें. म्हणून नवीं यंत्रें आलीं. आज ढाणकीच्या शेतकऱ्यास रिंग-पिस्टनच्या कामासाठीं कोणी कर्ज देत नाहीं, आणि नव्या ट्रॅक्टरसाठीं विक्रेत्याच्या दुकानांतच बँकेचा माणूस बसलेला असतो, त्याचें हें पूर्वरूप होय.

उलट बाजूचें उदाहरणहि यवतमाळनेंच दिलें आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ह्या अरुंद रेल्वेमार्गावर, ज्यास लोक कौतुकानें 'शकुंतला' म्हणतात, एक वाफेचें इंजिन धांवत असे. तें मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें, येथें १९२३ सालीं कामास लागलें, आणि १९९४ च्या एप्रिलांत त्याच्या जागीं डिझेल इंजिन आलें. सत्तर वर्षें तें चाललें तें मँचेस्टरचें लोखंड चांगलें म्हणून केवळ नव्हे. रेल्वेचे स्वतःचे कारखाने होते, त्यांत भाग घडवितां येत होते, आणि तें काम जाणणारीं माणसें पगारावर होतीं. वाफेचें इंजिन एकंदरीनें खात्याच्या जवळचें ; त्याचें दुखणें दिसतें, ऐकूं येतें आणि हातोडीला कळतें. डिझेल-पंपाचें दुखणें केसाच्या जाडीचें असतें.

ह्या विषयाचा सर्वांत मोठा धडा मात्र रशियानें गिरवला. तेथें १९२८ च्या सुमारापासून सरकारी ट्रॅक्टर-ठाणीं होतीं. ट्रॅक्टर ठाण्याचे, चालक ठाण्याचा, मिस्त्री ठाण्याचा. सामुदायिक शेतांनीं नांगरटीबद्दल धान्य द्यावयाचें. १९५० च्या नंतर अशीं आठ हजारांवर ठाणीं होतीं. १९५८ सालीं क्रुश्चेव्ह ह्यांनीं तीं मोडलीं आणि त्यांतील यंत्रें शेतांना विकत घ्यावयास लावलीं. जुनीं, वापरलेलीं यंत्रें सुद्धां शेतांच्या माथीं आलीं, तींहि थोड्या अवधींत पैसे भरावयाच्या बोलीनें. विचार चुकीचा होता असें म्हणवत नाहीं, कारण ज्याची जमीन त्याचें यंत्र ही गोष्ट सरळच आहे. पण यंत्रें विकलीं गेलीं आणि मिस्त्री विकले गेले नाहींत. ठाण्यांतील पगार व मान सोडून खेड्यांतल्या शेतावर राबावयास पुष्कळजण तयार नव्हते. ते शहरांकडे गेले. पुढें कित्येक वर्षें रशियन शेतांवर दुरुस्तीचा दुष्काळ पडला.

इकडे आपल्या देशांत ट्रॅक्टरांचाच दुष्काळ होता. १९५१ सालीं सगळ्या देशांत मिळून ट्रॅक्टर होते साडेआठ हजारांच्या आसपास. देशांत बांधलेला आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरिदाबादेस १९५९ च्या एप्रिलांत निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीस जागतिक कृषि-प्रदर्शन भरलें, आणि तें भरविण्यांत वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख पुढें होते. मग मद्रासेस मॅसी-फर्ग्युसनचा, मुंबईस कांदिवलीला महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्व्हेस्टरचा, असे कारखाने निघाले. तरी १९६१-६२ सालीं देशांत एकंदर ८८० ट्रॅक्टर तयार झाले. चेकोस्लोव्हाकियाचा झेटॉर, रशियाचा बेलारूस, पोलंडचा उर्सुस बाहेरून येत, आणि १९६५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषि-उद्योग विकास महामंडळासारख्या संस्थांमार्फत वांटले जात. १९७१ सालीं तर ट्रॅक्टरच्या वांटपावर आणि विक्रीवर नियंत्रण घालणारा आदेशच निघाला. मुख्यमंत्री त्या वेळीं पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक होते, म्हणजे ढाणकीच्या शेजारचेच. संकरित ज्वारीचा त्यांनीं जो धोशा लावला होता त्यानें नांगरटीची निकड वाढली होती. नव्या ट्रॅक्टरसाठीं नंबर लावून बसावें लागे. अशा दिवसांत बंद ट्रॅक्टर विकण्याचा विचार शहाणा माणूस करीत नसे. मोडला तर नीट करावयाचा, पुन्हा मोडला तर पुन्हा.

त्या टंचाईनें एक नवा बलुतेदार जन्मास घातला ; तो म्हणजे मिस्त्री. शाळेंतून तो आला नाहीं. कोणी ट्रकच्या गॅरेजांत पाने पुसून शिकला, कोणी उसाच्या कारखान्याच्या वर्कशॉपांत, कोणी विहिरीवरचें ऑइल-इंजिन खोलतां खोलतां. रशियांत सरकारनें जें गमावलें तें येथें कोणी न योजतां तयार झालें. पंजाबांत लुधियानेच्या आसपास सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि तळवंडी साबो, मोगा अशा गांवीं जुन्या ट्रॅक्टरांचे मोठे बाजार भरूं लागले. एच. एम. टी. चा ट्रॅक्टर-कारखाना पिंजोर येथें १९७१ च्या सुमारास झेटॉरच्या सहकार्यानें निघाला आणि २०१६ सालीं बंद करण्याचा निर्णय झाला. तरी त्याचे ट्रॅक्टर वावरांतून एकाएकीं नाहींसे झाले नाहींत. कंपनी गेली तरी भाग बनविणारे आणि बसविणारे राहिले म्हणजे यंत्र राहतें.

१९९१ नंतर वारें फिरलें. परवान्यांची पद्धति सैल झाली, कारखाने वाढले, आणि आतां ह्या देशांत वर्षास नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार होतात. त्याच काळांत जमिनीचे तुकडे पडत गेले. १९७०-७१ च्या कृषि-गणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टरवर आलें. तीन-साडेतीन एकरांच्या धन्यास स्वतःच्या शेतापुरता ट्रॅक्टर परवडत नाहीं हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. तो घेतला जातो तो दुसऱ्यांचीं वावरें भाड्यानें नांगरण्याच्या भरंवशावर ; आणि शेजारींपाजारीं प्रत्येकानें हाच भरंवसा धरला म्हणजे भाडें उतरतें. शिवाय अंगणांत ट्रॅक्टर असणें ही इभ्रतीची गोष्ट आहे. सोयरीक जुळवितांना तो मोजला जातो, मग तो चालो वा न चालो. बंद ट्रॅक्टर वर्षभर ताडपत्रीखालीं झांकून ठेवण्यामागें दुरुस्तीच्या विचारापेक्षां हा संकोच पुष्कळदां अधिक असतो, असें मला वाटतें.

आणि कर्ज. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भांत आले आणि सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोट रुपयांची योजना जाहीर झाली, त्यांत यवतमाळ होता. तो कां होता हें वाचकांस सांगावयास नको. ट्रॅक्टर कर्जानें घेतला असला म्हणजे नोंदणीच्या पुस्तकावर बँकेचा बोजा चढतो. तो उतरल्यावांचून ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नांवावर होत नाहीं. बँकेचा दाखला, पस्तीस नंबरचा नमुना, मग मालकी बदलण्याचे एकोणतीस व तीस नंबरचे नमुने, असा हा क्रम आहे. ज्याचा हप्ता थकला आहे त्याला म्हणून विकण्याचें स्वातंत्र्यच नसतें. तो मग मुद्रांकाच्या कागदावर लिहून देऊन ट्रॅक्टर देतो, पैसे घेतो, आणि नांव आपलेंच ठेवतो. ह्यासारखा धोका दुसरा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या फेब्रुवारींत, हातोहात विकल्या गेलेल्या एका मोटारीच्या अपघाताच्या दाव्यांत, नोंदणीच्या पुस्तकांत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक आणि भरपाई त्याच्यावर, असा निर्णय दिला. विकून मोकळा झालों असें समजणारा शेतकरी दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताला बांधलेला राहतो.

आतां ज्याचा बोजा उतरला आहे आणि ज्याला खरोखरच निवड आहे अशा माणसाचा विचार करूं. माझ्या मतें त्यानें विकण्याचा विचार करण्यापूर्वींच इंजिनाचें डोकें उघडून घ्यावें. ह्याला खर्च थोडा येतो आणि अज्ञान जातें. ऑइल खातो, निळसर धूर देतो, तर रिंग व लायनर गेले ; हें काम उमरखेड-पुसदचा मिस्त्री नित्य करतो. काळा धूर असेल तर पंप व नोझल. पाणी ऑइलांत उतरलें असेल तर पॅकिंगवर निभावेल, कीं हेड तडकलें आहे, हें उघडल्यावरच कळेल. क्रँक एकदां-दोनदां घासून झाला असेल आणि आतां बदलावा लागणार असेल, किंवा गिअर-बॉक्स आणि मागची क्राऊन-पिनियन दोन्ही वाजत असतील, तर दुरुस्तीच्या नादीं लागूं नये. एक नीट केलें कीं दुसरें तोंड वर काढतें. मागचे दोन टायर विसरूं नयेत. इंजिनाचें काम करून गुळगुळीत टायरांवर उभा केलेला ट्रॅक्टर विकावयास काढला तर इंजिनाच्या कामाचे पैसे येत नाहींत. वेळहि पाहावी. उन्हाळी नांगरटीच्या तोंडावर, फाल्गुन-चैत्रांत, चालत्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक असतें. श्रावणांत त्याच ट्रॅक्टरला कोणी विचारीत नाहीं. मृगाच्या आधीं आठ दिवस मिस्त्रीकडे जाणाऱ्यानें मिस्त्रीच्या भावानें पैसे द्यावे.

सरकारची बाजूहि ह्या तागडींत पडते. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के कर होता आणि त्याच्या टायरांवर व सुट्या भागांवर १८ टक्के. जुनें नीट करणाऱ्यावर नवें घेणाऱ्यापेक्षां चढा दर, हा न्याय कोणत्या विचारांतून निघाला होता कोण जाणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ५ टक्के झाला. अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं कायदा करून शेतीयंत्रें दुरुस्त करण्याचीं साधनें व माहिती मालकास देणें कारखानदारांवर बंधनकारक केलें. क्रोझियरच्या कायद्यास तेव्हां एकशें चार वर्षें झालीं होतीं. आपल्याकडे ग्राहक-व्यवहार खात्यानें २०२२ च्या जुलैंत ह्याच विषयावर समिति नेमली, आणि जीं चार क्षेत्रें तिनें विचारांत घेतलीं त्यांत शेतीचीं यंत्रें आहेत. इंजिनांत विजेचा मेंदू बसविलेले नवे मोठे ट्रॅक्टर जुने होऊन अंगणांत बंद पडतील, तेव्हां ह्या समितीचें मोल कळेल. ढाणकीच्या मिस्त्रीचे पाने तेथें पोंचत नाहींत.

दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर सक्तीनें भंगारांत काढणार, अशी एक आवई मध्यंतरीं उठली होती, आणि तिच्या भयानें कांहीं दलालांनीं भाव पाडले असतील तर नवल नाहीं. केंद्रीय वाहतूक मंत्रालयानें ती खोटी असल्याचें स्पष्ट केलें आहे. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, आणि पुढें पांच-पांच वर्षांनीं ती वाढवून घेतां येते. नोंदणीचें पुस्तक जिवंत ठेवलेला जुना ट्रॅक्टर आणि पुस्तक हरवलेला जुना ट्रॅक्टर ह्यांच्या भावांत जें अंतर पडतें तें दोघांच्या इंजिनांत नसतें.

ढाणकीचा विकलेला ट्रॅक्टर पुष्कळदां दूर जात नाहीं. पैनगंगा ओलांडून हिमायतनगर किंवा हदगांवकडे एकादा त्याहून लहान शेतकरी तो घेतो, मिस्त्री तोच राहतो, आणि यवतमाळची एकोणतीस नंबरची पाटी जाऊन नांदेडची सव्वीस नंबरची लागते कीं नाहीं एवढाच प्रश्न उरतो. पूर्वीं ह्याच नदीवर दोन राज्यांची सीमा होती, अलीकडे इंग्रजी अंमलाचा वऱ्हाड आणि पलीकडे निजामचा मुलूख ; पलीकडे जाणाऱ्या मालास करोडगिरीचा नाका लागे. बैलास तेव्हां नांवाचें पुस्तक नव्हतें. दांत पाहिले, रुमालाखालीं बोटें दाबलीं, दावें हातांत दिलें, कीं सौदा संपला.